तळाचं पाणी

मुलीने लिंबाची वाडी करायला घेतली, त्याच दिवशी तिने मला अट घातली. "आई, तुझ्या रिफायनरीतलं काहीही या कुंपणाच्या आत येणार नाही."

"मी आले तर चालेल का?" मी विचारलं. बडोद्याच्या रिफायनरीच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काढली होती. तिच्या नियमाप्रमाणे मीसुद्धा बंदीच्याच मालात बसत होते.

"तू ये. पण आंघोळ करून ये."

हा टोमणा जुना होता. ती लहान असताना मी शिफ्ट संपवून बडोद्यातल्या अकोट्याच्या घरी पोचले की ती दारापर्यंत धावत यायची आणि दोन हात अंतरावर थांबायची. माझ्या कपड्यांना, केसांना डिझेलचा वास असायचा. आंघोळ होईपर्यंत ती मांडीवर बसायची नाही. मी हसण्यावारी न्यायचे, पण मला ते लागायचं. ज्या वासावर घर चालतं त्याला नाक मुरडायचं म्हणजे काय, असं मनात यायचं. आणि राग मला चटकन येतो. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी काढायला नको.

वाडी बडोद्याजवळच्या सावली गावाच्या अलीकडे आहे. समा-सावली रस्ता सोडून डावीकडे आत वळलं की तंबाखूची शेतं लागतात आणि त्यांच्या पलीकडे कागदी लिंबाची सव्वाशेच्या वर झाडं. पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून मुलगी परत आली आणि सात वर्षांच्या करारावर तिने ही वाडी घेतली. झाडांबरोबर काकाही मिळाले. काका गुजराती, सत्तरीच्या घरातले, जुन्या मालकाच्या वेळेपासून वाडीतल्या खोलीत राहणारे. ते मोजकंच बोलतात, आणि बोलले की बहुतेक बरोबर असतात. ही दुसरी गोष्ट मला उशिरा कळली.

तिला लिंबं सेंद्रिय म्हणून विकायची होती. त्यासाठी सर्टिफिकेट लागतं, आणि फळझाडांना ते लगेच मिळत नाही. तीन वर्षं सगळं नियमाने करून दाखवायचं, प्रत्येक फवारणी डायरीत लिहायची, दर वर्षी तपासनीस येऊन बघून जाणार. मध्येच काही चुकलं तर मोजणी पुन्हा पहिल्या वर्षापासून. दोन वर्षं सुरळीत गेली. तिसरं सुरू झालं तेव्हा ती मला म्हणाली, "या वेळी नाही झालं तर मी वाडी परत करते आणि पुण्याला जाते. पुन्हा पहिल्यापासून करायची ताकद नाही माझ्यात." ती हे चहा पिताना, अगदी शांतपणे म्हणाली, म्हणून मला जास्त भीती वाटली. आदळआपट करणारी माणसं मला समजतात, मी त्यांच्यातलीच आहे.

आणि नेमकी त्याच वर्षी कीड आली.

पावसाळा संपता संपता फांद्यांवर तपकिरी ठिपके दिसायला लागले. मी एक ठिपका नखाने खरवडला, तर तो बारक्या टरफलासारखा निघून आला आणि खाली पिवळट ओलं काहीतरी राहिलं. "भींगडां," काका म्हणाले. माशाच्या अंगावर असतात तसे खवले. प्रत्येक खवल्याखाली एक किडा, फांदीत सोंड खुपसून बसलेला. त्याच्या चिकट पाझरावर मुंग्या धावत होत्या, पानांवर काजळी धरली होती आणि लिंबं सुपारीएवढी होऊन थांबली होती.

मुलीने कडुनिंबाचं तेल फवारलं. साबणाचं पाणी फवारलं. कुणीतरी सांगितलं म्हणून आंबट ताकही फवारलं. चार दिवस सगळ्या वाडीला कढीचा वास येत होता. पण खवल्यावर काहीच परिणाम नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

मला तेव्हा नोकरीच्या सुरुवातीची एक बाटली आठवली. आमच्या वरिष्ठांनी माझ्यापुढे एक नमुना ठेवला होता, पाण्यासारखं स्वच्छ, बिनवासाचं तेल. म्हणाले, हे बागांवर फवारायचं तेल आहे, याची अ‍ॅसिडची परीक्षा घे. परीक्षा सोपी होती. तेलात जोरकस सल्फ्युरिक अ‍ॅसिड घालून बाटली हलवायची. तेलातला जो अंश अ‍ॅसिडशी भांडतो तो पानाशीही भांडतो, पान जाळतो. जो अंश अ‍ॅसिडला दाद देत नाही तो झाडाला चालतो. त्या तेलातलं जवळजवळ काहीच भांडलं नाही. मी विचारलं, मग किडा कशाने मरतो? यात विष कुठे आहे? ते म्हणाले, विष नाहीच. तेलाचा पातळ थर बसतो आणि किड्याची श्वासाची भोकं बुजतात. बस.

मला ते फार आवडलं होतं. लहानपणी आमच्या नागरवाड्यातल्या घरी ढेकणांसाठी पलंगाच्या पायांना रॉकेल चोपडायचे, ते आठवलं होतं. हे त्याच कुळातलं, पण शिकूनसवरून सभ्य झालेलं तेल.

मी हे मुलीला सांगितलं आणि भांडण झालं.

"पेट्रोलियम? सेंद्रिय वाडीत? आई, लोक हसतील मला."

"पेट्रोलियम काय आकाशातून पडलं? जमिनीतूनच आलं ना? तुझ्या त्या गांडुळांच्याही खालून आलंय."

"तुला तुझी रिफायनरी माझ्या शेतात घुसवायचीच आहे."

"आणि तुला तुझी झाडं मेलेली चालतील, पण आईचं बरोबर निघालेलं चालणार नाही!"

यानंतर दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज बारीक होता. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची यादी तिने उघडून बघितली होती. खनिज तेल त्यात होतं, पण मोकळ्या यादीत नव्हतं, अटींच्या यादीत होतं. बाकीचे उपाय करून झालेले असले पाहिजेत, आधी लेखी परवानगी घेतली पाहिजे, सांगितलेलंच तेल, सांगितलेल्याच प्रमाणात वापरलं पाहिजे आणि ते सगळं डायरीत लिहिलं पाहिजे. अशा वेळी शहाण्या आईने गप्प बसावं. खोटं कशाला सांगू, मी गप्प बसले नाही. "मी काय म्हणत होते?" हे मी त्या एका फोनवर तीनदा म्हटलं.

परवानगी यायला तीन आठवडे लागले. दिवाळी झाली, सकाळी गार वारा सुटायला लागला आणि तेलाचे डबे वाडीत आले. मी एक डबा उघडून थेंब बोटावर घेतला, उजेडात धरला, हुंगला. मुलगी हात बांधून बघत होती. "पास?" तिने विचारलं.

"पास," मी म्हटलं. तिला हसू आलं आणि मला फार बरं वाटलं. वाडीत दोन वर्षं मी पाहुणी होते. त्या दिवशी पहिल्यांदा माझं तिथे काम होतं.

फवारणीची पद्धत अशी. दोनशे लिटरच्या निळ्या पिंपात बोअरचं पाणी भरायचं, त्यात मोजून तेल ओतायचं. तेलात साबणासारखं काहीतरी आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे काठीने ढवळलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं. मग मोटरपंपाने ते दूध झाडांवर, फांद्यांच्या खालच्या बाजूलाही बसेल असं मारायचं. ऊन तापायच्या आत संपवायचं. तहानलेल्या झाडावर मारायचं नाही, म्हणून आदल्या दिवशी पाणी सोडलेलं होतं. मुलगी डब्यावरच्या सूचना मोठ्याने वाचायची, काका बांबूने ढवळायचे आणि फवारायचे, आणि मी खुर्ची टाकून देखरेख करायचे. पाच ओळी झाल्या. सहावीसाठी पिंप भरलं, तेल ओतलं, ढवळलं, आणि पंपाचा पाइप फुटला.

"मी सावलीला जाऊन जोड घेऊन येते," मुलगी गाडीवर बसत म्हणाली. "तू आहेस ना इथे?"

मी होते ना तिथे. तेच तर झालं.

काका बांबू घेऊन पिंपाजवळ आले. "बेन, हलावतो रहुं?" ताई, ढवळत राहू का?

मी पिंपात डोकावले. दूध अजून गरगर फिरत होतं. एकतीस वर्षांत मी शिकलेली आणि पुढच्या पोरांना शिकवलेली पहिली गोष्ट ही होती, की टाकी भरली की तिला हात लावायचा नाही. ती शांत उभी राहू द्यायची. पाणी जड, ते तळाशी बसतं. तेल हलकं, ते वर येतं. मग तळाचा कॉक उघडायचा, पाणी सोडून द्यायचं आणि तेल दिसलं की कॉक बंद. त्यानंतरच नमुना घ्यायचा. घाईघाईने हलती टाकी उघडणाऱ्या कितीतरी पोरांना मी भर प्रयोगशाळेत झापलं होतं.

"नको," मी काकांना म्हटलं. "ठरवा दो." म्हणजे बसू द्या तळाशी.

काका बाजूला झाले. मी खुर्चीत बसून सोबत आणलेला लीलो चेवडो, बडोद्याचा ओलसर चिवडा, खाल्ला. तासाभराने उठून बघितलं तर वर दाट पांढरी साय आणि खाली पाणी झालं होतं. बोअरचं पाणी क्षाराचं, त्यात तेल आणखी लवकर फुटतं, हे मला माहीत होतं. सगळं माहीत होतं. पिंपाच्या तळाशी प्लॅस्टिकचा नळ होता. मी तो उघडला. स्वच्छ पाणी धो धो गवतात गेलं.

"बेन, पाणी केम काढो छो?" काकांनी विचारलं. पाणी का काढताय?

"ए तमने ना समजाय," मी म्हटलं. तुम्हाला नाही कळायचं. हे वाक्य लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

पांढरं यायला लागलं तसा मी नळ बंद केला. अगदी वेळेवर. माझ्या हाताला अजून सवय आहे, असं वाटून मी खूश झाले.

मुलगी आली, पाइप जोडला. पिंप अर्धं झालेलं पाहून तिला वाटलं, फुटक्या पाइपातून गेलं असेल. तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंय हेच मला कळलं नव्हतं. पंप सुरू झाला, दूध पुन्हा घुसळलं गेलं आणि सहाव्या ओळीवर बसलं. बाकीच्यांपेक्षा दाट होतं. मी म्हटलं, वा.

चौथ्या दिवशी मुलीने फोनवर मला फोटो पाठवला. सहाव्या ओळीतल्या बावीस झाडांची पानं तेलकट तपकिरी डागांनी भरली होती. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा पानं गळत होती आणि बारकी लिंबंही. बाकीच्या पाच ओळी हिरव्यागार होत्या.

"शेजाऱ्याचं काम आहे हे," मी बांधावरूनच सुरू केलं. "तंबाखूवर तणनाशक मारलं असणार त्याने. उडालं इकडे."

मुलगी गळलेली लिंबं वेचत होती. काका पाण्याचा दांड मोकळा करत होते. मी दोनदा, तीनदा तेच म्हटलं. सहावी ओळ शेजाऱ्याच्या बांधाजवळची नव्हतीच, हे दिसत असूनही म्हटलं. नाचता येईना, अंगण वाकडं. शेवटी मुलगी म्हणाली, "बघू. तपासनीस पुढच्या आठवड्यात येतायत. कारण न सांगता येणारी जळकी ओळ म्हणजे आपण काहीतरी बंदीचं मारलं असंच धरतात."

"मग काय होईल?"

"मग मोजणी पहिल्यापासून."

घरी आले. विरजलेली साय घुसळायला घेतली. लोणी यायला लागलं तसं मी रवी थांबवली. ते वर येऊन गोळा व्हायला लागलं, खाली पातळ ताक राहिलं. मी बघत राहिले. तेल वर, पाणी खाली. आणि काकांचा प्रश्न कानात आला, पाणी केम काढो छो?

पिंपात पाणी होतं ते तेल पातळ करायला. मी ते सोडून दिलं होतं. सहाव्या ओळीला दुप्पट तरी दाट मिश्रण पाजलं होतं मी. बिनविषारी, अ‍ॅसिडशी न भांडणारं, पास केलेलं तेल, पण जाड थरात. किड्याचा श्वास बुजवता बुजवता पानांचाही बुजवला. डब्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं की मिश्रण सतत ढवळत राहा. मुलीने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. लोकांना जन्मभर पद्धत वाचायला लावणाऱ्या बाईने पद्धत ऐकूनही सोडून दिली होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा माझा पीळ. आता सुंभाबरोबर लिंबंही जळली होती.

मला लाज वाटली. तेव्हाच फोन करायला हवा होता. फोन उचललाही. पण तिचं "हॅलो" ऐकलं आणि मी विचारलं, जेवलीस का? रोज असंच झालं. त्यात दुसरी एक भीती होती. परवानगी ठरलेल्या प्रमाणाची होती. प्रमाण मोडलं असं सांगितलं तर सांगण्यानेच सर्टिफिकेट जायचं. न सांगितलं तरी जायचं. दोन्हीकडून माझ्याच हाताने. एकटीने घरात बसून मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की ऐकणाऱ्याला वाटलं असतं, घरात दोन बायका भांडतायत.

तपासणीच्या दिवशी मला बोलावलं नसताना मी गेले.

तपासनीस तिशीतला गुजराती मुलगा होता, सावकाश बोलणारा. त्याने डबे बघितले, परवानगीचं पत्र बघितलं, डायरीची पानं एकेक करून वाचली. मग ओळी फिरला. पहिल्या ओळीत त्याने खवला खरवडला. खाली सुकलेली पूड होती. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या ओळीतही तेच. "मरी गया," तो खुशीत म्हणाला. मग सहावी ओळ आली आणि तो थांबला. गळलेलं पान उचलून उलटसुलट केलं.

"हे कशाने झालं?" त्याने मुलीला विचारलं.

मुलीने डायरी छातीशी धरली होती. ती बोलणार तेवढ्यात मी म्हटलं, "माझ्याने."

तो माझ्याकडे वळला. मी सगळं सांगितलं. गुजरातीत, मध्येच हिंदीत, पिंपापासून नळापर्यंत. मुलीकडे बघायची माझी हिंमत नव्हती, म्हणून त्याच्याकडेच बघत होते. त्याने विचारलं, मॅडम, तुम्ही कोण, काय करत होता? मी सांगितलं, रिफायनरीत होते.

"मग तुम्हाला तर माहीत असायला हवं," तो म्हणाला.

"म्हणूनच झालं," मी म्हटलं. "माहीत नसणारा माणूस मुकाट्याने ढवळत बसला असता. हे काका बसणारच होते. मी बसू दिलं नाही."

त्याला माझं पूर्ण खरं वाटलं नसावं. तणनाशक लपवायला म्हातारी पुढे केली, असंही वाटलं असेल. मग मला नेहमीचा राग आला, आणि या वेळी तो कामी आला. मी काकांच्या खोलीतून लोणच्याची काचेची रिकामी बरणी आणली. बोअरचं पाणी घेतलं, तेल मोजून घातलं, झाकण लावून हलवलं. दूध झालं. बरणी त्याच्यापुढे खाटेवर ठेवली. "आता हात नका लावू," म्हटलं. काकांनी चहा केला. तो डायरी पुन्हा वाचत बसला आणि मी बरणीकडे बघत बसले. एवढ्या परीक्षा मी तेलांच्या घेतल्या, ही माझी होती.

अर्ध्या तासाने बरणीत वर पांढरा थर होता आणि खाली पाणी होतं. त्याने बरणीचा फोटो काढला. मग पिंपाचा नळ बघितला, ओळीतली झाडं मोजली आणि ती एका पिंपाएवढीच आहेत हे लिहून घेतलं. काकांना विचारलं. काका म्हणाले, "बेन साचुं कहे छे." ताई खरं सांगतायत.

"डायरीत लिहा," तो मला म्हणाला. "तुमच्या हाताने."

मी लिहिलं. काय केलं, का केलं, किती पाणी सोडलं याचा अंदाज, आणि खाली सही. एकतीस वर्षांत मी हजारो कागदांवर सह्या केल्या, पण स्वतःच्या चुकीखाली पहिल्यांदाच केली. अक्षर मात्र चांगलं आलं.

जळक्या ओळीची पानं तो पिशवीत घालून तपासायला घेऊन गेला. म्हणाला, या बावीस झाडांची फळं यंदा वेगळी काढा, सेंद्रिय म्हणून विकू नका. बाकीच्याचं अहवाल आल्यावर बघू. तो गेल्यावर मुलगी मला रागावली नाही. पिंप धुवायला लागली. मी रिक्षा बोलावून घरी आले.

त्यानंतरचा दीड महिना मी वाडीत रोज गेले आणि जे सांगतील ते केलं. गळलेली पानं गोळा केली. सहाव्या ओळीला शेणखत घातलं. काकांची मी माफी मागितली तेव्हा ते नुसते हसले आणि म्हणाले, झाड मेलेलं नाही, बेन, रुसलंय. त्यांचं बरोबर होतं. संक्रांतीला, इकडच्या उत्तरायणाला, पतंग झाडांत अडकले, ते सोडवायला शिडी लावली तेव्हा फांद्यांच्या टोकांना कोवळे, पोपटी कोंब दिसले. बावीसच्या बावीस झाडांना.

आणि सर्टिफिकेट आलं. पानांच्या तपासणीत बंदीचं काही निघालं नव्हतं. पत्रात आमच्या त्या ओळीचा वेगळा उल्लेख होता, आणि डायरीतली नोंद ग्राह्य धरल्याचं एक वाक्य होतं. मुलीने मला फोन केला नाही, स्कूटर घेऊन अकोट्याला आली, मला मागे बसवलं आणि वाडीत नेलं. पत्र तिने मला झाडांमध्ये उभं करून वाचून दाखवलं. मी तिच्या हातातून कागद घेऊन पुन्हा वाचला, मग काकांना गुजरातीत सांगितला.

खाटेवर बसलो तेव्हा तिने ते पत्र लावून ठेवायला डायरी उघडली. माझ्या नोंदीचं पान आलं. माझ्या निळ्या अक्षरांच्या वर, कारणाच्या रकान्यात, खोडलेल्या पेन्सिलीच्या खुणा दिसत होत्या. त्या दिवशी लिहिताना माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. मी चष्मा लावला. तिचं अक्षर होतं. "कारण समजले नाही."

"हे कधी लिहिलंस?"

"तपासणीच्या आदल्या दिवशी. तू सांगितलंस आणि खोडलं."

"तेव्हा तुला खरंच समजलं नव्हतं?"

ती काकांकडे बघून हसली. "पानं जळली त्याच दिवशी काकांनी सांगितलं होतं."

"आणि तू मला त्या बिचाऱ्या शेजाऱ्याच्या नावाने बोटं मोडू दिलीस?"

"किती दिवस मोडतेस ते बघत होते."

मला राग आला. पण तो पुढे सरकेना, कारण त्या तीन शब्दांचा अर्थ मला तेवढ्यात कळला. कारण समजले नाही, म्हणजे मोजणी पहिल्यापासून. ते तिनेच मला सांगितलं होतं.

"मी बोलले नसते तर हेच दिलं असतंस?"

"हो."

"आईने केलं, एवढं लिहायला काय झालं होतं?"

"तुझी चूक तुझ्याआधी दुसऱ्या कुणी सांगितलेली तुला सहन होत नाही, आई. मी लहान असल्यापासून बघतेय." तिने पत्राला टाचणी लावली. "त्या परक्या माणसासमोर तर नाहीच झाली असती."

"मग? वाडी परत केली असतीस?"

"बहुतेक," ती म्हणाली आणि डायरी मिटली.

मला तिचा इतका राग आला आणि तिच्यावर इतकी माया आली की मला रडूच फुटलं. मी तिच्या आणि काकांच्या देखत, पदर तोंडाला न लावता रडले. ती जवळ येऊन बसली, मला दोन्ही हातांनी धरलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. सकाळी सहाव्या ओळीत खुरपून मी घरी पोचले होते आणि आंघोळीआधीच तिने मला स्कूटरवर बसवलं होतं. अंगाला माती होती, पंपाचं तेल होतं, घाम होता. ती उठली नाही.